वाचकांचे प्रश्न : शहरातल्या शाळांसाठी सल्लागार आयोग नेमताना

शहराच्या सार्वजनिक शाळा सुधाराव्यात म्हणून सल्लागार आयोग नेमावा का, आणि नेमायचा तर कसा, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. पालक, मुख्याध्यापिका, नगरसेवक अशा वेगवेगळ्या वाचकांनी ती लिहिली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

पालिकेची शिक्षण समिती आहेच. मग वेगळा आयोग कशाला? – एक पालक

शिक्षण समिती निर्णय घेते आणि खर्च मंजूर करते. तिचा बहुतेक वेळ निविदा, बदल्या, दुरुस्त्या, खरेदी यांतच जातो. एकाच प्रश्नाला सहा-आठ महिने चिकटून बसणं तिला जमत नाही. सल्लागार आयोगाला ते जमतं, कारण त्याच्याकडे रोजचं काहीच मंजुरीला येत नाही.

अधिकार आणि सल्ला यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. शिकागोत १९८८च्या कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली शाळा परिषद मिळाली. तिच्यात सहा पालक, दोन स्थानिक रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापकाची चार वर्षांसाठी नेमणूक करण्याचा आणि शाळेचा खर्च मंजूर करण्याचा अधिकार तिला होता. तो सत्तेच्या वाटणीचा प्रयोग होता. सल्लागार आयोग ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या हातात तीनच गोष्टी असतात : माहिती मागण्याचा हक्क, लोकांसमोर बोलण्याचा हक्क आणि उत्तर मिळण्याचा हक्क. या तिन्ही गोष्टी लेखी मिळत नसतील, तर आयोगाच्या भानगडीत पडू नका.

छत गळतंय, बाकं मोडली आहेत, पंचवीस शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, असा प्रश्न असेल तरीही आयोग नेमू नका. उत्तर सगळ्यांना माहीत असतं, अडलेली असते ती फक्त सही. अशा वेळी आयोग नेमणं म्हणजे ती सही वर्षभर पुढे ढकलणं. कारण ठाऊक नाही किंवा कारणावर एकमत नाही, अशा प्रश्नांसाठीच आयोग कामाचा. पाचवीनंतर पट का गळतो? शेजारशेजारच्या दोन शाळांत एकीकडे मुलं वाचतात, दुसरीकडे अडखळतात, ते का? आयोग बसवायचा तो असल्या प्रश्नांवर.

ठरावाचा मसुदा करायला घेतला आहे. त्यात नेमकं काय लिहावं? – एक नगरसेविका

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. आयोग फसतो तो बहुतेक वेळा ठरावातच, आणि ते लक्षात येतं वर्षभराने.

पहिली गोष्ट कार्यकक्षा. ‘शाळांचा दर्जा उंचावण्यासाठी उपाय सुचवणे’ असं लिहिलंत, तर इमारतीपासून गणवेशापर्यंत सगळं त्यात येईल आणि कशाचाच तळ लागणार नाही. देशाच्या संपूर्ण शिक्षणव्यवस्थेचा विचार करायला १९६४मध्ये नेमलेल्या कोठारी आयोगाला बारा कृतिदलं आणि सात कार्यगट नेमावे लागले, आणि अहवालाला जवळपास दोन वर्षं लागली. शहराच्या आयोगाकडे दोन कर्मचारी आणि एक खोली असते. म्हणून प्रश्न दोन किंवा तीनच ठेवा आणि त्यांचं उत्तर तपासता येईल असे ते लिहा. उदाहरणार्थ : ‘तिसरीच्या अखेरीस किती मुलांना त्यांच्या इयत्तेचा उतारा ओघाने वाचता येतो हे मोजणे, ज्यांना येत नाही त्यांच्याबाबतची कारणं शोधणे, आणि पुढील तीन शैक्षणिक वर्षांत हे प्रमाण वाढवण्यासाठी शहराच्या अखत्यारीतल्या उपाययोजना खर्चासह सुचवणे.’ यातले ‘शहराच्या अखत्यारीतल्या’ हे शब्द गाळू नका. ते नसले तर आयोग अभ्यासक्रम, भरतीचे नियम, परीक्षा पद्धती असल्या वरच्या सरकारच्या विषयांवर शिफारशी करत बसतो, आणि ‘हे आमच्या हातात नाही’ असं एका ओळीत उत्तर देऊन प्रशासन मोकळं होतं.

दुसरी गोष्ट माहितीची. ‘आयोगाने लेखी मागितलेली माहिती शिक्षण विभागाने १५ कामकाजाच्या दिवसांत द्यावी, देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे’ एवढं वाक्य पुरेसं आहे. माहिती कोण देणार त्याचं पदनाम लिहा. नुसतं ‘विभाग’ लिहिलंत तर पत्र टेबलाटेबलांवर फिरत राहील.

तिसरी गोष्ट उत्तराची. अहवाल आला की प्रशासनाने प्रत्येक शिफारशीसमोर ‘मान्य’, ‘बदलासह मान्य’ किंवा ‘अमान्य’ यांपैकी एक आणि त्याचं कारण लिहून, ६० दिवसांत सर्वसाधारण सभेपुढे ठेवावं. ब्रिटिश संसदेत निवड समित्यांच्या (सरकारी खात्यांच्या कामाची तपासणी करणाऱ्या खासदारांच्या समित्या) अहवालांना सरकारने दोन महिन्यांत लेखी उत्तर देण्याचा प्रघात आहे. त्या समित्यांकडेही सक्ती करण्याचा अधिकार नसतो, तरी त्यांचे अहवाल सहजासहजी कपाटात जात नाहीत, त्याला या प्रघाताचा मोठा हातभार आहे. ‘अमान्य’ या शब्दाची धास्ती बाळगू नका. कारणासह आलेल्या नकारावर वाद घालता येतो, मौनावर घालता येत नाही.

चौथी तारीख. अहवाल अंदाजपत्रकाची आकडेमोड सुरू होण्याच्या निदान तीन महिने आधी हातात पडायला हवा. विभागांचे मागणी तक्ते एकदा गेले की चांगली शिफारसही वर्षभर लटकते. म्हणून आयोगाची मुदत नेमणुकीच्या तारखेपासून पुढे मोजू नका. अंदाजपत्रकाच्या तारखेपासून मागे मोजत या.

सदस्य किती आणि कोण असावेत? – एक निवृत्त प्रशासकीय अधिकारी

अकरा ते पंधरा. त्याहून जास्त झाले की बैठकीत भाषणं होतात, काम होत नाही. पंधरा सदस्य असतील तर गणपूर्ती, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, आठची ठेवा.

शहराच्या शाळांत ज्यांची मुलं आज शिकत आहेत असे पालक निदान एक तृतीयांश असावेत. ‘आज’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. दहा वर्षांपूर्वी मूल बाहेर पडलेला पालक अनुभवी असतो, पण त्याच्या मनातली शाळा जुनी असते. पालक एक-दोनच घेतले तर ते गप्प बसतात आणि शेवटी सही करतात. चार-पाच असले की एकमेकांच्या आधाराने बोलायला लागतात. त्यांच्या जोडीला वर्गात शिकवणारे तीन शिक्षक घ्या, त्यांतला एक तरी पहिली-दुसरीचा हवा. शिवाय एक-दोन मुख्याध्यापक, विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करणारी एक व्यक्ती, आकडेवारी जाणणारी एक आणि सरकारी हिशेब वाचता येणारी एक. ही शेवटची व्यक्ती कोणाला आठवत नाही. मग शिफारशी होतात, पण कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून, पैसा निघणार हे कोणालाच सांगता येत नाही.

शाळांना पुस्तकं, उपकरणं, सॉफ्टवेअर विकणारे, बांधकामाचे ठेकेदार आणि खासगी शिकवण्यांचे चालक सदस्य नकोत. त्यांचं म्हणणं साक्षीत जरूर ऐका. प्रत्येक सदस्याकडून हितसंबंधांचं लेखी निवेदन घ्या आणि ते जाहीर करा.

सर्वांत निर्णायक माणूस अध्यक्ष नव्हे, सदस्य-सचिव. कोठारी आयोगात ती जबाबदारी जे. पी. नाईक यांच्याकडे होती. बैठकीत काय ठरलं, कोणती माहिती कधी मागितली, मसुद्यात काय उतरलं, हे सगळं त्या एका टेबलावरून जातं. शिक्षण विभागाचाच अधिकारी इतर कामं सांभाळून सचिव झाला, तर आपल्याच विभागाला नकोसे प्रश्न विचारण्याची वेळ त्याच्यावर येते. सचिव पूर्णवेळ असावा आणि आयोगाला जबाबदार असावा.

सदस्यांना मानधन द्यावं का? – एक वाचक

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सर्वांना द्या, मागावी न लागता आणि त्याच दिवशी. बैठक संध्याकाळी ठेवा, लहान मुलांना सांभाळायची सोय करा. हे केलं नाही तर पालक सदस्य तिसऱ्या बैठकीपासून दिसत नाहीत आणि मग ‘पालकांना रस नाही’ अशी नोंद होते.

विभाग म्हणतो, नव्वद टक्के मुलांना वाचता येतं. आम्हाला तसं दिसत नाही. आयोगाने हे कसं तपासावं? – एक स्वयंसेवी कार्यकर्ती

स्वतः मोजून, आणि तोंडी मोजून. लेखी परीक्षेत पाहून लिहिलेलं आणि समजून लिहिलेलं सारखंच दिसतं. मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला द्यायचं : आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या, २००५पासून चाललेल्या ‘असर’ पाहणीची चाचणी साधारण अशीच असते. एका मुलाला काही मिनिटं लागतात आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कोणीही ती घेऊ शकतं. मुलाच्या घरची भाषा वेगळी असेल तर तशी नोंद करा, त्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही. त्याच शाळेचे शिक्षक त्याच शाळेत चाचणी घेणार नाहीत, हेही पाळा.

आता नमुन्याबद्दल. पुष्कळ आयोग इथे घसरतात. शहरभरातून ४०० मुलं सुटी सुटी निवडली तर अंदाजात पाच टक्के इकडेतिकडे एवढीच चूक राहते. पण सोय म्हणून वीस शाळा घेऊन प्रत्येकीत वीस मुलं तपासली, तर मुलं चारशेच असूनही चूक अकरा टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसाव्या मुलाकडून नवीन फारसं कळत नाही. तीच चारशे मुलं ऐंशी शाळांतून पाच-पाच घेतली तर चूक सहा-सात टक्क्यांवर येते. थोडक्यात, शाळा वाढवा, शाळेतली मुलं कमी करा. (शाळाशाळांतला फरक किती आहे त्यावर हे आकडे बदलतात. इथे तो एकूण फरकाचा पाचवा हिस्सा धरला आहे.)

निवड हजेरीपटावरून करा, वर्गात बसलेल्यांतून नको. निवडलेलं मूल त्या दिवशी आलं नसेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. वारंवार गैरहजर असणारी मुलंच बहुधा वाचनात मागे असतात, त्यांना वगळलं की नव्वद टक्के सहज निघतात.

हजेरीच्या सरासरीवरही विसंबू नका. तीस मुलांच्या वर्गाची वर्षाची हजेरी ९२ टक्के आहे, असं समजा. छान वाटतं. पण २०० दिवसांच्या वर्षात सव्वीस मुलं एकही दिवस चुकली नाहीत आणि चार मुलं प्रत्येकी १२० दिवस आलीच नाहीत, तरी सरासरी ९२च येते. म्हणून सरासरी मागूच नका. दहा टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर राहिलेली मुलं किती, हे विचारा. २०० दिवसांत दहा टक्के म्हणजे वीस दिवस, महिन्याला जेमतेम दोन. कोणाच्या डोळ्यांत येत नाही इतकं हळू ते साचतं.

लहान शाळांचे आकडे वर्षावर्षाला उड्या मारतात. बारा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे आठ टक्के. तिथे तीन वर्षांची सरासरी घ्या. आणि एखाद्या रकान्यात पाचाहून कमी मुलं येत असतील तर तो आकडा छापू नका, मूल ओळखलं जातं.

शाळांना भेटी देताना काय पाहावं? – त्याच कार्यकर्तीचा दुसरा प्रश्न

‘स्वच्छतागृह आहे का?’ या प्रश्नाला सगळ्या शाळा ‘हो’ म्हणतात. म्हणून मधल्या सुट्टीत, न कळवता जा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारापाशी उभं राहा. कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे आहे? आतून कडी लागते का? नळ सोडला तर पाणी येतं का, की बादली भरून आणावी लागते? आत झाकणाची कचरापेटी आहे का? पाच मिनिटांत किती मुली आत गेल्या? एकही गेली नाही तर कागदावरचं स्वच्छतागृह खरं नाही. मग सातवी-आठवीच्या मुलींची त्या वर्षाची हजेरी काढा आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा.

वर्गात मागच्या बाकावर बसा आणि वेळ लिहा : तास कितीला सुरू व्हायचा होता, कितीला झाला, त्यातला किती वेळ शिकवण्यात गेला, किती माहिती भरण्यात, निरोप आणण्यात, वह्या वाटण्यात. शिक्षकाचं मूल्यमापन करायला बसलो नाही, हे आधी सांगा आणि तसंच वागा.

आयोग आला की सगळं खापर शिक्षकांवर फुटतं. आम्ही सहकार्य का करावं? – एक मुख्याध्यापिका

तुमची शंका रास्त आहे. शाळांची गुणानुक्रमे यादी छापणारा आयोग शाळा सुधारत नाही. ज्या शाळेत शिकलेल्या आईबापांची मुलं येतात ती वर जाते, ज्या शाळेत कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांची मुलं येतात ती खाली, आणि शिकवण्याबद्दल कोणाला काहीच कळत नाही. शाळाशाळांतल्या निकालांच्या फरकात मुलांच्या घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असतो, हे अमेरिकेतल्या १९६६च्या कोलमन अहवालापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

लंडनमध्ये २००३ ते २०११ या काळात चाललेल्या ‘लंडन चॅलेंज’ या सरकारी उपक्रमाने दुसरी वाट धरली. सुरुवातीची काही वर्षं टिम ब्रिगहाउस हे त्याचे शालेय आयुक्त होते. सारखी मुलं येणाऱ्या शाळांचे गट केले गेले आणि प्रत्येक शाळेला तिच्याच गटातल्या इतर शाळांचे आकडे दाखवले गेले. त्यामुळे ‘आमची मुलंच तशी’ हे उत्तर चालेना, आणि ‘तुमच्यासारखीच मुलं असताना त्यांनी काय केलं ते जाऊन बघा’ असं म्हणता येऊ लागलं. मागे पडलेल्या शाळांना अनुभवी सल्लागार आणि चांगल्या चाललेल्या शाळांची जोड मिळाली. आधी मागे असलेल्या लंडनच्या माध्यमिक शाळा त्या दशकाच्या शेवटी देशाच्या सरासरीच्या पुढे गेल्या. सगळं श्रेय या उपक्रमाला द्यायचं का, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी प्राथमिक शाळांत आधीच झालेल्या सुधारणेकडे बोट दाखवतं, कोणी शहराच्या बदललेल्या लोकसंख्येकडे. तरीही गट करून तुलना करण्याची पद्धत उचलण्याजोगी आहे.

सहकार्य देण्याआधी तुम्ही दोन गोष्टी लेखी मागा. आयोगाची निरीक्षणं कोणाच्याही गोपनीय अहवालात किंवा शिस्तभंगाच्या कारवाईत वापरली जाणार नाहीत, आणि तुमच्या शाळेबद्दलचा मजकूर छापण्याआधी तथ्यांची चूक दाखवायला तुम्हाला दहा दिवस मिळतील. मुलांच्या सुरक्षिततेला धोका असेल तिथे मात्र ही गोपनीयता लागू नाही, हेही त्याच पत्रात असावं.

जाहीर सुनावणीला तीच ती माणसं येतात. काय करावं? – एक पालक प्रतिनिधी

बाकीच्यांना बोलावणं गेलेलं नसतं. फलकावर सूचना लावणं म्हणजे बोलावणं नव्हे. पटावरून चिठ्ठ्या टाकून साठ घरं निवडा, फोन करा, घरी जा, त्यांच्या भाषेत सांगा. सुनावणी शाळेच्या वर्गात घ्या, सभागृहात नको. प्रत्येकाला तीन मिनिटं, नेत्यालाही तेवढीच. लिहिता न येणाऱ्याचं म्हणणं लिहून घ्यायला आणि त्याला वाचून दाखवायला माणूस ठेवा.

साक्ष कशी असावी आणि तिचं काय करावं, या दोन्हींसाठी एक दाखला आपल्या घरचाच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगाला, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, दिलेल्या निवेदनात सरकारी महसूल शेतकऱ्यांकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, अशी टीका होती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असं त्यांनी नेमकेपणाने मांडलं. आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही. पण साक्षी छापल्या गेल्या, म्हणून ते निवेदन आजही आपल्याला जसंच्या तसं वाचता येतं. तुमच्या आयोगाने साक्षींचा नुसता सारांश देऊ नये. बोलणाऱ्याची संमती घेऊन त्या पूर्ण छापाव्यात. सारांशात पहिला बळी जातो तो न पटलेल्या म्हणण्याचा.

विद्यार्थी सदस्य असावेत का? – नववीतली एक वाचक

असावेत, आणि एकटा नको, दोघं हवेत. बैठकीची कागदपत्रं त्यांना इतरांच्या दोन दिवस आधी द्यावीत आणि परीक्षेच्या आठवड्यात बैठक ठेवू नये. धाकट्या मुलांना सदस्य करता येत नाही, पण पाच-सहा जणांच्या गटात बसवून ‘शाळेत कुठे जायला नको वाटतं?’ एवढं विचारलं तरी खूप कळतं.

अहवाल धूळ खात पडू नये म्हणून काय करावं? आणि आयोग बंद कधी करावा? – एका नागरिक मंडळाचं पत्र

शिफारशी दहाच्या वर नेऊ नका. सत्तर शिफारशी केल्या की प्रशासन त्यांतल्या सोप्या पंधरा उचलतं, त्यांची छायाचित्रं काढतं आणि अवघड तशाच राहतात. प्रत्येक शिफारशीत पाच गोष्टी हव्यात : काय करायचं, कोणत्या पदावरच्या माणसाने, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि झालं हे कशावरून ओळखायचं. ‘वाचनावर भर द्यावा’ ही शिफारस नाही. ‘पहिली ते तिसरीच्या प्रत्येक वर्गात रोज ४५ मिनिटं वाचनाला राखून ठेवावीत, त्या वेळात शिक्षकांना कोणत्याही बैठकीला किंवा माहिती भरायला बोलावू नये, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी परिपत्रकाने कळवावं, पर्यवेक्षकांनी महिन्यातून एकदा अचानक भेट देऊन नोंदवावं’ ही शिफारस आहे. तिला पैसेही फारसे लागत नाहीत. तीन शिफारशी अशा असू द्या की त्या त्याच सत्रात सुरू होतील.

एकमत झालं नाही तर भिन्नमत टिपण जोडा. ओढूनताणून आणलेलं एकमत वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अहवाल दिल्यावर आयोग लगेच विसर्जित करू नका. संख्या पाचावर आणून दोन वर्षं ठेवा. दर सहा महिन्यांनी त्यांनी एकच पान छापावं : शिफारस, ठरलेली तारीख, आजची स्थिती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तीच वाचन चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावी. शाळा नव्याने चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, नाहीतर पहिल्या वेळच्या शाळा खास तयारी करून बसतात. त्यानंतर ठरावातल्या तारखेला आयोग आपोआप संपावा. पुढे चालवायचा असेल तर नवा प्रश्न आणि नवा ठराव लागेल. जाताना मुलांची नावं काढून टाकलेली मूळ आकडेवारी, चाचणीचे कागद आणि साक्षींच्या प्रती शहराच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि त्यांची यादी सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताला जोडावी.